सर जोसेफ हूकर : बिनपंखी किड्यांच्या बेटावरचा वनस्पतिशास्त्रज्ञ





पहिल्या पावसानंतरची एक सकाळ. शाळेच्या व्हरांड्यात पंखांचा नुसता सडा पडला होता. रात्रभर ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालून वाळवीच्या किड्यांनी आपले पंख झाडून टाकले होते. सातवीतल्या एका मुलीने मला तिथेच थांबवले आणि या किड्यांचे असे का होते, ते विचारले. मी सवयीने सांगून टाकले की, मुंगीला पंख फुटले की तिचे दिवस भरले, असे आपल्याकडे म्हणतात. तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला. पंख फुटल्यामुळे किडा मरत असेल, तर ज्या किड्यांना पंखच नाहीत ते जास्त सुखी असतात का?

खरे सांगायचे तर त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही. म्हण सांगून मी वेळ मारून नेली होती आणि मुलीने ती म्हणच तपासायला घेतली होती. घरी येऊन पुस्तके चाळू लागले, तेव्हा या प्रश्नाच्या मुळाशी एक जुन्या ओळखीचे नाव सापडले. आमच्या घरी मराठी, पण कॉलेजचे शिक्षण हिंदी माध्यमातून. वनस्पतिशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न हमखास येत असे, तो म्हणजे बेंथम आणि हूकर यांचे वर्गीकरण. आम्ही ते घोकून घोकून पाठ केले, मार्क मिळवले आणि विसरलो. हे हूकर कोण, कुठले, कसे जगले, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही. ती चूक आज थोडी दुरुस्त करते.

जोसेफ डाल्टन हूकर यांचा जन्म ३० जून १८१७ रोजी इंग्लंडमधील सफोक परगण्यात हेल्सवर्थ या गावी झाला. वडील विल्यम हूकर हे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ. १८२० मध्ये त्यांना स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले आणि घर तिकडे हलले. सात वर्षांचा जोसेफ कॉलेजच्या मुलांबरोबर वडिलांच्या व्याख्यानाला जाऊन बसत असे. पण त्याचे मन सर्वांत जास्त रमायचे ते आजोबांच्या घरी असलेल्या कॅप्टन कुकच्या सफरींच्या पुस्तकात. त्या पुस्तकात एका दूरच्या, उजाड बेटाचे चित्र होते. समुद्रात उभी असलेली खडकाची कमान, किनाऱ्यावर पेंग्विनचे थवे आणि त्यांच्यामागे लागलेले खलाशी. ते ठिकाण आपल्याला एकदा डोळ्यांनी बघायला मिळाले, तर आपल्यासारखा भाग्यवान मुलगा जगात नसेल, असे त्याला वाटे. त्या बेटाचे नाव केर्गेलेन.

आता शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि इंदूरवर बोट ठेवा. तिथून बोट सरळ खाली दक्षिणेला सरकवत जा. खानदेश, मराठवाडा, कर्नाटक, केरळ ओलांडले की हिंदी महासागर लागतो. विषुववृत्त मागे पडते आणि मग पाणीच पाणी. सुमारे ८ हजार किलोमीटर गेल्यावर, बोट थोडे पश्चिमेला सरकवले की, ४९ अंश दक्षिण अक्षांशावर एक ठिपका सापडेल. तेच केर्गेलेन. आज ते फ्रान्सच्या ताब्यात आहे आणि तिथे संशोधकांच्या एका तळाखेरीज वस्ती नाही. आसपासची लहान बेटे धरून क्षेत्रफळ सुमारे ७ हजार चौरस किलोमीटर, पण एकही झाड नाही. अंटार्क्टिकाच्या उंबरठ्यावरचे हे बेट. तिथे वारा थांबणे हीच बातमी.

जोसेफ वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडला आणि त्याच वर्षी त्याचे नशीब उघडले. कॅप्टन जेम्स क्लार्क रॉस यांच्या नेतृत्वाखाली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवर निघत होती. ‘एरेबस’वर सहायक शल्यचिकित्सक म्हणून बावीस वर्षांच्या जोसेफची नेमणूक झाली. सप्टेंबर १८३९ च्या अखेरीस जहाजे निघाली. निघण्यापूर्वीच त्याने चार्ल्स डार्विन या तरुण निसर्गअभ्यासकाच्या प्रवासवर्णनाचे छापखान्यातले कच्चे फर्मे वाचले होते. पुस्तक अजून बाजारात यायचे असतानाच ते त्याच्या हाती लागले होते. रात्री ते उशाखाली ठेवून तो झोपत असे, म्हणजे सकाळी डोळा उघडल्याबरोबर वाचायला सापडत. निघण्यापूर्वी डार्विनशी त्याची लंडनमध्ये रस्त्यात उभ्या उभ्या ओळख झाली होती, तेवढीच.

मे १८४० मध्ये जहाजे केर्गेलेनला पोचली आणि लहानपणी चित्रात पाहिलेली ती कमान हूकर यांना खरोखरच समोर दिसली. पण दक्षिण गोलार्धातला तो हिवाळा होता. जहाजे तिथे ६८ दिवस राहिली. त्यांपैकी ४५ दिवस वादळी वारा होता आणि पाऊस किंवा बर्फ पडला नाही असे दिवस फक्त तीन. अशा हवेत हूकर रोज किनाऱ्यावर उतरत. खडकांवरची दगडफुले (आपल्या गोडा मसाल्यात पडते त्याच दगडफुलाची ही भावंडे) बर्फाने इतकी घट्ट धरलेली असत की ती हातोडीने फोडून काढावी लागत. कधी कधी तर ते चक्क त्या गोठलेल्या झुबक्यावर बसून राहत आणि अंगाच्या उबेने बर्फ सुटले की वनस्पती उचलून घेत. कुकच्या मोहिमेतील लोकांनी या बेटावर १८ वनस्पती नोंदवल्या होत्या. हूकर यांनी ती संख्या दीडशेच्या आसपास नेली.

यांतली सर्वांत प्रसिद्ध वनस्पती म्हणजे केर्गेलेनची पत्ताकोबी. ताज्या भाजीअभावी खलाशांना स्कर्व्ही नावाचा रोग होत असे. हिरड्यांतून रक्त येई, माणसे खंगून मरत. ही रानटी कोबी त्या रोगावर उतारा होती, म्हणून हूकर यांनी तिचे शास्त्रीय वर्णन करताना तिच्या नावातच हा गुण गुंफला. या कोबीची एक गंमत नंतर लक्षात आली. तिच्या नात्यातल्या मोहरी-मुळ्याच्या फुलांकडे मधमाश्या आणि इतर किडे येतात आणि परागकण इकडून तिकडे नेतात. केर्गेलेनच्या कोबीला मात्र रंगीत पाकळ्यांचा थाट जवळजवळ नाहीच. तिचे परागकण वारा वाहून नेतो. पाकळ्या सजवून बोलवायचे तरी कोणाला? बेटावर मुळात उडणारे किडेच जेमतेम.

इथे आपण सातवीतल्या त्या मुलीच्या प्रश्नापाशी येतो. केर्गेलेनवर किडे आहेत, पण ते चालतात, रांगतात, उड्या मारतात. कोबीच्या पानांच्या बेचक्यात राहणारी एक माशी आहे. तिच्या पंखांच्या जागी नुसते खुंट उरले आहेत. गवताच्या झुबक्यांत राहणारा एक पतंग आहे, त्याचे पंख आखूड होऊन निकामी झाले आहेत. तांदळातल्या सोंडकिड्याच्या कुळातले भुंगेरे आहेत, तेही उडत नाहीत. याखेरीज मातीत आणि मॉसच्या गादीत मोहरीच्या दाण्याहून लहान असे माइट आणि स्प्रिंगटेल नावाचे जीव आहेत. बेटावर सील आहेत, पेंग्विन आहेत, पण ते अन्नासाठी समुद्रावर अवलंबून. जमिनीवरचा संसार खऱ्या अर्थाने सांभाळतात ते हे क्षुद्र वाटणारे किडे. कुजलेली पाने तेच खातात आणि त्याची माती तेच करतात.

केर्गेलेननंतर रॉस यांची जहाजे आणखी दक्षिणेला गेली. १८४१ मध्ये त्यांना बर्फाची प्रचंड भिंत आणि बर्फात धुमसणारा ज्वालामुखी दिसला. जहाजाच्या नावावरून त्याला एरेबस नाव पडले. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, हूकर मायदेशी परतले. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १८४४ मध्ये, डार्विन यांनी पत्र लिहून आपल्या मनातले गुपित त्यांना सांगितले. सजीवांच्या जाती कायम तशाच राहत नाहीत, त्या बदलत जातात, असे आपले मत होऊ लागले आहे, हे ते गुपित. त्या काळी असे म्हणणे म्हणजे धर्म आणि समाज या दोघांचा रोष ओढवून घेणे होते. असा विश्वास माणूस सहसा कोणावर टाकत नाही. हूकर यांनी तो जपला, पण लगेच मान डोलावली नाही. पुरावा दाखवा, मग पाहू, अशीच त्यांची भूमिका राहिली. दोघांमधली सुमारे १४०० पत्रे आजही उपलब्ध आहेत. त्यांत कौतुक आहे, थट्टा आहे, घरची सुखदुःखे आहेत आणि पानोपानी मतभेद आहेत.

त्यानंतर हूकर आपल्या देशात आले. जानेवारी १८४८ मध्ये ते कलकत्त्याला उतरले, शोण नदीच्या खोऱ्यातून मिर्झापूरपर्यंत फिरले आणि मग दार्जिलिंगला गेले. पुढची दोन वर्षे त्यांनी सिक्कीमच्या डोंगरांत काढली. तिथल्या बुरांशाच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, कित्येक जाती त्यांनी प्रथम जगासमोर आणल्या. या कामात त्यांच्याबरोबर लेपचा जमातीचे कितीतरी लोक होते. झाडावर चढणारे, वाट दाखवणारे, ओझी वाहणारे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांची नावे नाहीत, म्हणून ती आपण निदान मनात तरी धरावी.

याच काळातली एक गोष्ट हूकर यांच्या चरित्रात झाकून ठेवण्याजोगी नाही. सिक्कीम दरबाराचा विरोध असताना ते आणि इंग्रज अधिकारी कॅम्पबेल तिबेटच्या हद्दीपर्यंत गेले. नोव्हेंबर १८४९ मध्ये दरबाराच्या माणसांनी दोघांना अटक केली आणि डिसेंबरच्या अखेरीस सोडून दिले. पण इंग्रज सरकारने हे निमित्त करून सिक्कीमचा दक्षिणेकडचा मुलूख घशात घातला. विद्येच्या मागे निघालेला माणूसही सत्तेच्या सावलीत चालत असतो. मोठ्या माणसांचे चरित्र वाचताना ही बाजूही वाचावी.

१८५१ मध्ये हूकर इंग्लंडला परतले आणि त्याच वर्षी फ्रान्सिस हेन्स्लो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आपले हिमालयाचे प्रवासवर्णन त्यांनी डार्विन यांना अर्पण केले. आणि मग १८५५ मध्ये दोघांमध्ये किड्यांच्या पंखांवरून वाद सुरू झाला.

झाले असे की, वोलास्टन नावाच्या अभ्यासकाने अटलांटिक महासागरातील मदीरा बेटावरचे भुंगेरे तपासले. सुमारे ५५० जातींपैकी २०० जातींचे पंख इतके खुरटे होते की त्यांना उडता येत नव्हते. डार्विन यांनी याचे कारण सांगितले, ते अगदी सरळ होते. बेट लहान, वारा जोराचा. जो किडा उडतो तो समुद्रात जाऊन पडतो. जो आळशीपणाने जमिनीला चिकटून राहतो तो वाचतो आणि त्याचीच पिल्ले पुढे वाढतात. असे हजारो पिढ्या चालले की पंख हळूहळू नाहीसे होतात. संक्रांतीला आपण गच्चीवर उभे असतो, तेव्हा वारा चढला की कटलेली पतंग कुठल्या कुठे जाते, आणि गुंडाळून ठेवलेली घरातच राहते. तसेच हे.

उत्तर इतके सोपे होते की कोणालाही पटावे. हूकर यांना पटले नाही. वारा हेच कारण कशावरून? दुसरे काही असू शकणार नाही का? वाऱ्याने पछाडलेल्या बेटावर ६८ दिवस काढलेला माणूस ही शंका घेत होता, म्हणून तिला वजन होते. तेव्हापासून दुसऱ्या अभ्यासकांनीही निरनिराळी कारणे सुचवली. थंडीत पंखांचे स्नायू चालतच नसतील. खायला जवळच मिळत असेल, तर उडायचे कशाला? शिकारी प्राणी नसतील, तर पळायचे कोणापासून?

वाद चालू राहिला, पण मैत्रीला तडा गेला नाही, हे लक्षात घ्या. १८५८ मध्ये वॉलेस नावाच्या दुसऱ्या अभ्यासकाने डार्विन यांच्यासारखाच सिद्धांत लिहून पाठवला. डार्विन यांच्या घरी त्या वेळी तान्हे मूल दगावले होते. तेव्हा हूकर आणि लायेल या दोन मित्रांनीच पुढाकार घेऊन १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या सभेत दोघांचे लेखन एकत्र मांडले. कोणाचाही हक्क बुडू दिला नाही. पुढे डार्विन यांच्या ग्रंथावर टीकेचा भडिमार झाला, तेव्हा १८६० च्या ऑक्सफर्डच्या सभेत त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत हूकर होते. आणि १८६३ मध्ये हूकर यांची सहा वर्षांची लाडकी मुलगी वारली, तेव्हा त्यांनी लगेच पत्र लिहिले ते डार्विन यांना. कारण आपली मुलगी गमावणे म्हणजे काय, हे डार्विन यांना ठाऊक होते.

लंडनजवळच्या क्यू येथील जगप्रसिद्ध वनस्पती उद्यानाचे हूकर १८६५ ते १८८५ या काळात संचालक होते. बेंथम यांच्याबरोबर त्यांनी जगातील फुलझाडांच्या सर्व प्रजातींचा तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १८६२ ते १८८३ अशी एकवीस वर्षे चालला. आमच्या परीक्षेत येणारे वर्गीकरण ते हेच. ज्या गोष्टीला एकवीस वर्षे लागली ती आम्ही आदल्या रात्री पाठ करत होतो! भारतातील वनस्पतींवरचा त्यांचा सात खंडांचा ग्रंथ १८७२ ते १८९७ या काळात प्रसिद्ध झाला. देवी अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या हरिश्चंद्रगडावर कंदिलाच्या आकाराचे एक दुर्मीळ रानफूल उमलते. ‘सेरोपेजिया लॉई’ हे त्याचे शास्त्रीय नाव १८८३ मध्ये हूकर यांनीच दिले. गडावर ते कधी आले नव्हते. त्यांच्यासमोर होते ते वाळलेले नमुने.

केर्गेलेन मात्र त्यांच्या मनातून गेले नव्हते. डिसेंबर १८७४ मध्ये शुक्र ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता आणि तो पाहण्यासाठी इंग्रजांचे एक पथक केर्गेलेनला जाणार होते. त्या वेळी हूकर रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. पथकाबरोबर ईटन नावाचे निसर्गअभ्यासक पाठवण्यात आले. त्यांनी तिथल्या बिनपंखी माश्यांची आणि पतंगांची नीट वर्णने केली. ज्या कोड्यावर वाद चालला होता, त्याचे खरेखुरे नमुने आता हाती आले. पण वर्ष तेच दुःखाचेही ठरले. नोव्हेंबर १८७४ मध्ये फ्रान्सिस यांचे निधन झाले.

१८८२ मध्ये डार्विन गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांच्या मानाच्या रांगेत हूकर होते. पंखांचा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता. डार्विन यांच्यानंतर हूकर आणखी एकोणतीस वर्षे जगले आणि अखेरपर्यंत काम करत राहिले. म्हातारपणी त्यांनी हाती घेतला होता तो आपला तेरडा. गौरी बसवताना आपण ज्याची रोपे आणतो त्या तेरड्याच्या कुळातल्या जाती ओळखायला फार अवघड. फूल इतके नाजूक की वाळवले की त्याचा आकारच कळत नाही. नव्वदी ओलांडलेला हा गृहस्थ त्या चुरगळलेल्या पाकळ्या पाण्यात भिजवून, भिंगाखाली उलगडत बसे. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो. या माणसाचा तेरड्यावरचा रंग मात्र शेवटपर्यंत उतरला नाही. १० डिसेंबर १९११ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते वारले. क्यू येथे वडिलांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. लहानपणी त्यांना मोहवणारी केर्गेलेनची ती खडकाची कमानही जवळपास त्याच सुमारास, १९०८ ते १९१३ च्या दरम्यान, कोसळली. आता तिचे दोन खांबच उभे आहेत.

मग प्रश्नाचे काय झाले? त्याचा निकाल लागायला २०२० साल उजाडावे लागले. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या रेचल लीही आणि स्टीवन चाऊन यांनी दक्षिणेकडच्या महासागरातील २८ बेटांवरील किड्यांच्या नोंदी एकत्र केल्या. जगभरातील किड्यांच्या जातींपैकी सुमारे ५ टक्के जातींना उडता येत नाही. या बेटांवर मात्र मूळच्या जातींपैकी जवळजवळ निम्म्या, म्हणजे ४७ टक्के, न उडणाऱ्या निघाल्या. थंडी, खाद्य, शिकारी, बेटाचा आकार अशी एकेक कारणे तपासल्यावर सर्वांत ठळक ठरला तो वाराच. म्हणजे डार्विन बरोबर होते.

पण थांबा. हूकर चूक होते का? त्याच अभ्यासाने हेही सांगितले की वारा मोठे कारण आहे, पण एकमेव कारण नाही. शिवाय वारा काम कसे करतो, याचे उत्तरही डार्विन यांच्या उत्तरापेक्षा थोडे वेगळे निघाले. किडा समुद्रात वाहून जातो एवढाच मुद्दा नाही. घरात येणारा पगार ठरलेला असतो. तो सगळा जर एकाच खर्चात गेला तर बाकीच्या गरजांना काय उरणार? तसेच किड्याचे. सोसाट्याच्या वाऱ्यात उडायला फार ताकद लागते. पंख आणि त्यांचे स्नायू पोसण्यातच सगळे संपले तर अंडी घालायला काय शिल्लक राहणार? ज्यांनी पंखांचा खर्च वाचवला त्यांचा संसार वाढला. हूकर यांनी शंका घेतली नसती, तर वारा हे उत्तर पुस्तकात छापून आपण केव्हाच पुढे गेलो असतो आणि ही दुसरी, अधिक खोल बाजू कळलीच नसती.

प्रत्यक्ष अंटार्क्टिकावरही हीच कहाणी आहे. त्या खंडावर कायम जमिनीवर राहणारा सर्वांत मोठा प्राणी कोणता, हे मुलांना विचारा. ती पेंग्विन म्हणतील. पण पेंग्विन समुद्रावर जगतो. खरे उत्तर आहे ‘बेल्जिका’ नावाचा, पंख नसलेला, चिलटाच्या जातीचा किडा. लांबी फक्त २ ते ६ मिलिमीटर. दोन वर्षे तो अळीच्या रूपात बर्फ आणि चिखलात काढतो. आपला देशही या कामात मागे नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम निघाली. आज तिथे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली संशोधन केंद्रे आहेत.

दुर्दैवाने केर्गेलेनचे बिनपंखी किडे आज संकटात आहेत आणि ते संकट माणसानेच आणले. १८७४ मध्ये त्या बेटावर ससे सोडले गेले. त्यांनी कोबी फस्त केली आणि कोबीच्या पानांत राहणाऱ्या माशीचे घर गेले. १९१३ मध्ये मेंढ्यांच्या चाऱ्याबरोबर बाहेरचा एक मांसाहारी भुंगेरा आला. तो या माश्यांना आणि त्यांच्या अळ्यांना खातो. पळायला त्यांच्याकडे पंख नाहीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पंखांची निळी माशी आली आणि वाढत्या तापमानात तिचे फावले. हजारो वर्षे वाऱ्याला पुरून उरलेले जीव माणसाच्या निष्काळजीपणापुढे हतबल झाले आहेत. काही लहान बेटांवरून ससे हटवण्यात आले, हीच काय ती दिलासा देणारी बाब.

विद्यार्थीमित्रांनो, आता त्या मुलीला मी असे उत्तर देईन. पंख असणे चांगले की नसणे चांगले, हे किड्याकडे पाहून ठरत नाही, तो राहतो त्या जागेकडे पाहून ठरते. इंदूरच्या पावसात वाळवीला पंख लागतात, कारण तिला नवे घर शोधायचे असते. केर्गेलेनच्या वाऱ्यात तेच पंख ओझे होतात. आणि म्हण ही म्हण आहे, पुरावा नव्हे. हे मला तुझ्यामुळे कळले.

पालकांना एक विनंती. आपली मुले उत्तर पाठ करून आली की आपल्याला बरे वाटते. ती शंका घेऊन आली की आपण वैतागतो, वेळ नाही म्हणतो. मीही तेच केले होते. डार्विनसारख्या मित्रालाही, मला पटलेले नाही, असे सांगणारा आणि तरीही त्याच्या पाठीशी उभा राहणारा हूकर आपल्याला घरात आणि वर्गात हवा आहे. मतभेद म्हणजे भांडण नव्हे, हे मुले आपल्याकडे पाहूनच शिकतील.

विश्वस्त मंडळालाही एक विनंती आहे. सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक साधे भिंग मिळावे. फार मोठा खर्च नाही. सेंद्रिय खताच्या ‘इंदूर पद्धती’मुळे आपल्या शहराचे नाव शेतकऱ्यांमध्ये जगभर गेले. त्याच शहरातल्या आपल्या शाळेच्या बागेत, खताच्या खड्ड्यात, ओल्या पालापाचोळ्याखाली केर्गेलेनच्या त्या स्प्रिंगटेलची भावंडे आजही टुणटुण उड्या मारत असतील. मुलांनी गुडघे टेकून ती शोधावीत, मोजावीत आणि मला येऊन विचारावे. मला उत्तर येत नसेल, तर आपण मिळून शोधू.

आपली,
प्राचार्या